हजेरीच्या वहीत न मावलेली दोन वर्षे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला इतिहासावर लेख मागितला, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोडली होती. इतिहासाचा प्राध्यापक म्हटला की तो श्रीवर्धनच्या भट घराण्यावर लिहील, नाहीतर दंडा-राजपुरीच्या सिद्दीवर, असं सगळेच गृहीत धरतात. मीही तसंच ठरवलं होतं. टिपणं काढायला जुनी कागदपत्रं उपसत बसलो आणि त्यात माझीच एक वही हाती लागली. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षाची, तृतीय वर्ष कला, इतिहास विषयाची हजेरीची वही. ती चाळली आणि ठरवलं, भट आणि सिद्दी थांबतील, त्यांच्यावर लिहायला पुष्कळ जण आहेत. ही वही मात्र माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही. शिवाय तिच्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आहे आणि तिच्यापुढे माझ्या हाताने ओळीने 'गै. ह.' लिहिलेलं आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपण १९८९ साली दहावी झालो. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं महासाथीच्या काळात कॉलेजात किंवा विद्यापीठात होती. त्यांनी त्या दोन वर्षांत काय केलं, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं, तरी आपण ते फारसं विचारलं नाही. म्हणून आधी त्या काळाचा सांगाडा मांडतो आणि मग वहीकडे येतो.

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच महिन्याच्या मध्यावर कॉलेजं बंद झाली. २२ मार्चला जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढे तो रद्द झाला आणि मुलांना सरासरीने गुण मिळाले. विद्यापीठांत वाद पेटला तो शेवटच्या वर्षाच्या परीक्षेवरून. राज्य सरकारचं म्हणणं, परीक्षा नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला सांगितलं, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला की राज्याला परीक्षा पुढे ढकलण्यासाठी मुदत मागता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या मुलांनी ऑक्टोबरमध्ये घरूनच परीक्षा दिली, तासाभराची, बहुपर्यायी प्रश्नांची. चार पर्यायांतून १८५७ च्या उठावाचं कारण निवडायचं! ज्या विषयात 'का' या प्रश्नाला दोन पानं लागतात, त्यात एका टिचकीवर उत्तर. त्याच ऑक्टोबरच्या १२ तारखेला मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. शहरातल्यांना त्या दिवशी जे कळलं, ते आपल्या गावात जूनपासून चालू होतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे शेजारच्या आळीत सापडले, विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर पडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पोफळ लावल्यावर पीक धरायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे ज्या घराचं पोट सुपारीवर, त्याचं मुलांच्या शिक्षणाचं पुढच्या सहा-सात वर्षांचं गणित त्या एका दुपारी मोडलं. आणि नेमक्या त्याच वर्षी शिक्षणाला वीज, रेंज आणि फोन लागू लागला.

साथ आली म्हणून शाळा-कॉलेजं बंद पडणं आपल्याकडे नवं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले आणि त्यांत कोकणातले पुष्कळ होते. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. २०२० मध्ये सरकारने पुन्हा बाहेर काढला तो हाच. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली. त्या काळात शाळेला कुलूप लागलं की शिक्षण थांबे. ते वाईटच होतं, पण सगळ्यांचं एकदम थांबे. कुलूप लावलेल्या शाळेत कोणी गैरहजर असू शकत नव्हतं.

२०२० मध्ये पहिल्यांदा असं झालं की इमारतीला कुलूप आणि वर्ग मात्र चालू. त्यामुळे बंद कॉलेजातही गैरहजर राहणं शक्य झालं. माझ्या मते या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याने सुरुवात इथून करायला हवी. टाळेबंदीच्या सुरुवातीला आयोगाने समजूतदारपणा दाखवला होता. तो काळ विद्यार्थी हजर होते असं समजावं, असं एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत होतं. पण नवं वर्ष सुरू झालं तशी ७५ टक्के उपस्थितीची जुनी सवय पडद्यावर परत आली.

या पडद्यामागे देश कसा होता? राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१७-१८ चे आकडे उपलब्ध होते. ग्रामीण भागात संगणक असलेली घरं शंभरात साधारण साडेचार, इंटरनेटची सोय असलेली पंधरा. शहरात संगणक तेवीस घरांत, इंटरनेट बेचाळीस घरांत. हे आकडे साथीच्या आधी छापलेले होते. मी ते वर्गात शिकवलेही होते. तरी ऑगस्टमध्ये लॅपटॉप उघडून पहिलं लेक्चर घेताना मला ते आठवले नाहीत.

आता वही. तिच्यातली ती मुलगी आपल्याच तुकडीतल्या एका मित्राची. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव न लिहिण्याच्या अटीवरच दोघांनी परवानगी दिली आहे. ओळखणारे ओळखतील, त्यांनी ते मनातच ठेवावं. तो आणि मी आठवीपासून एका बाकावर. दहावीनंतर तो वडलांच्या वाडीत उतरला आणि मी मुंबईला गेलो. त्याची मुलगी बारावीनंतर मावशीकडे मुंबईत राहून शिकू लागली आणि योगायोगाने मी शिकवतो त्याच कॉलेजात आली. त्याने मला कधी फोन केला नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "अरे, तुला कशाला अडचणीत टाकू? पोरीने आपलं आपण शिकावं." ऐंशीच्या वर मुलांच्या वर्गात मीही आडनावावरून काही ओळखलं नाही.

मे २०२० मध्ये चाकरमान्यांच्या लोंढ्याबरोबर ती गावी आली. गावाने नियम केला होता, मुंबईहून आलेल्याने चौदा दिवस वेगळं राहायचं आणि त्यासाठी शाळा उघडून दिली होती. जिथे तिने आठवी केली, त्याच वर्गात बाकं एकावर एक रचून ती सतरंजीवर झोपली. घरून डबा यायचा तो फाटकावर ठेवला जाई. "सर, शाळा पहिल्यांदाच रात्रीची बघितली," असं ती मला सांगत होती. तिथून सुटून घरी आली आणि काही दिवसांतच वादळ झालं.

ऑगस्टमध्ये आमचे वर्ग सुरू झाले. माझं लेक्चर अकरा ते अकरा पन्नास. हजेरी मी दोनदा घ्यायचो, सुरुवातीला आणि शेवटी. फोन चालू ठेवून मुलं झोपतात असा आम्हा प्राध्यापकांचा ठाम समज होता आणि तो थोडा खराही होता. कॅमेरे बंद, पडद्यावर नुसती अक्षरं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं आणि त्याचा राग यायचा. ही मुलगी पहिल्या हजेरीला असे, शेवटच्या हजेरीला नसे. सलग पाच आठवडे. मी वहीत 'गै. ह.' मांडत गेलो. एक दिवस वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर, सगळ्यांसमोर, तिचं नाव घेऊन लिहिलं की इतिहास शिकायचा नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, नावापुरती हजेरी नको. दोन तासांनी उत्तर आलं, "सॉरी सर." त्यापुढे काही नाही. मला वाटलं, चांगली जरब बसली.

सप्टेंबरमध्ये ई-पास रद्द झाले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी घराचं छप्पर बघायला गावी आलो. सकाळी लेक्चर होतं आणि घरात एक दांडीसुद्धा रेंज नव्हती. मित्राला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, रेंज पायजे तर वरच्या कातळावर जा. पोरं तिथेच असतात." लॅपटॉप, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन वीस मिनिटं चढलो. वर चार वासे रोवून त्यावर निळं प्लास्टिक बांधलेलं. खाली गोणपाट. त्यावर एक मुलगी फोन घेऊन बसलेली, बाजूला तिचा भाऊ दप्तर मांडीवर घेऊन, आणखी दोन पोरं पलीकडच्या दगडावर. मला बघून ती उभी राहिली. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. रोज तोंड दिसत होतं ना माझं.

अकरा वाजले. मी कातळाच्या एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, आणि आमचा वर्ग मधल्या कुठल्यातरी आकाशात. हजेरी घेतली. तिचं नाव आलं तेव्हा "हजर सर" दोनदा ऐकू आलं, एकदा वाऱ्यातून आणि एकदा लॅपटॉपमधून. दहा मिनिटांत ढग आले आणि माझी रेंज गेली. पुन्हा मिळायला पंधरा मिनिटं लागली. परतलो तेव्हा मुलं शांतपणे थांबलेली होती. एकाने लिहिलं होतं, "सर, टेक युवर टाइम." माझ्या नावापुढे कोणी 'गै. ह.' मांडलं नाही.

साडेअकराला तिने फोन कानापासून काढला आणि भावाच्या हातात दिला. त्याचा वर्ग सुरू होत होता, आपल्याच शाळेचा, दहावीचा. घरात इंटरनेटचा फोन एकच, वडलांचा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याचं दहावीचं वर्ष आहे ना, सर." एवढंच. तक्रार नाही, खुलासा नाही. उरलेली वीस मिनिटं ती तिथेच बसून राहिली आणि माझं लेक्चर प्रत्यक्ष कानांनी ऐकत वहीत लिहीत राहिली. शेवटची हजेरी मी त्या दिवशी घेतली नाही.

उतरताना तिची वही मागून घेतली. रोज अकरा ते साडेअकराचं टिपण पेनाने होतं. उरलेल्या वीस मिनिटांचं पेन्सिलने, रात्री मैत्रिणीला फोन करून विचारून उतरवलेलं. माझ्या वहीत 'गै. ह.' होतं त्या प्रत्येक तारखेला तिच्या वहीत पेन्सिलचा मजकूर होता. विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की सरकारी कागद खरा मानण्याआधी तो कोणी, कशासाठी आणि कुठे बसून लिहिला ते विचारा. स्वतःच्या वहीला मी तो प्रश्न कधी विचारला नव्हता.

कॉलेजला मागच्या महिन्यांचे तक्ते आधीच गेलेले होते. मी पत्र लिहिलं, दोनदा भेटलो, शेवटी तिला परीक्षेला बसू दिलं. गटावर मी तिचं नाव घेऊन लिहिलं होतं, तेव्हा चूक झाल्याचंही गटावरच, तिचं नाव घेऊन लिहिलं. तिने पुन्हा उत्तर दिलं, "सॉरी सर." सवयीने असेल.

आणि ज्या दहावीसाठी तिने रोजची वीस मिनिटं सोडली, ती परीक्षा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रद्दच झाली. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. भाऊ पास झाला. यावर ती हसली होती. मला हसता आलं नाही.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. २०२२ मध्ये कॉलेजं नीट सुरू झाल्यावर, आपल्या शाळेतून गेलेल्या आणि त्या काळात पदवीचं शिक्षण घेणाऱ्या वीस-बावीस मुलामुलींशी बोललो, त्यांच्या परवानगीने लिहून घेतलं. त्यांतलं थोडं इथे देतो.

अभियांत्रिकीचा एक मुलगा म्हणाला, "लेथ मशीन मी व्हिडिओत चालवलं. खरं मशीन नोकरीच्या पहिल्या दिवशी बघितलं आणि माहीत असल्याचं सोंग केलं." नर्सिंगच्या मुलीचं उलट. तिचे वर्ग कमी झाले आणि वॉर्डातली ड्युटी वाढली; विद्यार्थी असतानाच तिने माणसं जाताना पाहिली. एकाचे वडील टाळेबंदीत बेकार झाले, म्हणून तो भाजीच्या गाडीवर उभा राहायचा, एका कानात इयरफोन. 'मराठ्यांचं स्वातंत्र्ययुद्ध' हे प्रकरण त्याला वांग्याच्या भावासकट आठवतं. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज. दोन-तीन लेक्चरांत संपायचा आणि चौथा विषय रोज बुडायचा. त्याला त्याच विषयात केटी लागली. त्याला स्वतःला हा संबंध मी विचारेपर्यंत दिसला नव्हता. तो स्वतःला नुसता 'ढ' समजत होता.

एका मुलीची आई एप्रिल २०२१ मध्ये गेली. तिच्या नावापुढचा कॅमेरा बंदच होता, त्यामुळे वर्गात ते कोणाला कळलं नाही. ती म्हणाली, "वर्गात असते तर रिकामी जागा तरी दिसली असती."

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा इतिहास अर्धा राहील. पायाने अधू असलेला एक मुलगा म्हणाला की तीन मजले न चढता शिकलेलं ते एकच वर्ष. लग्न होऊन शिक्षण सुटलेली एक मुलगी त्याच काळात, बाळाला मांडीवर घेऊन, पदवी पुरी करू शकली. डहाणू-विरारकडून रोज लोकलला लोंबकळत येणाऱ्यांचे दिवसाचे चार तास वाचले. या मुलांना ती सोय परत हवी आहे आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

दुरून शिकवण्याची कला आपल्याकडे नव्हती असंही नाही. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग १९७१ पासूनचा, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मधलं, म्हणजे आपल्या दहावीच्या वर्षातलं. तिथे विद्यार्थी दूर आहे, त्याला वेळ कमी आहे, हे गृहीत धरून पुस्तकं लिहिली जातात. २०२० मध्ये आम्ही जवळच्या विद्यार्थ्यासाठी तयार केलेलं लेक्चर उचललं आणि जसंच्या तसं दूरच्या फोनवर टाकलं. घाई होती, हे खरं. पण त्या घाईची किंमत कोणी मोजली, ते हजेरीच्या वहीत सापडत नाही.

ती मुलगी आता बी.एड. करून आपल्याच तालुक्यात शिकवते. तिच्या वर्गात हजेरीच्या वेळी कोणी नसेल तर ती आधी विचारते, "का आला नाही, कोणाला माहीत आहे?" मग मांडते. हे तिने मला सांगितलेलं नाही; तिच्या वडलांनी सांगितलं.

त्या मित्राला मला या स्मरणिकेतून काही सांगायचं आहे. तू मला कातळाचा रस्ता दाखवलास तेव्हा तुला माहीत होतं की त्या गटावर मी काय लिहिलं होतं. फोन तुझाच होता, तो मेसेज तू वाचला होतास. तू एका शब्दाने बोलला नाहीस, फक्त "वर जा" म्हणालास. मेळाव्याला मी तुझ्याच बाकावर बसणार आहे.

आणि सर्वांना एक विनंती. शाळेच्या कार्यालयातल्या लाकडी कपाटात जुनी हजेरीपत्रकं जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या शेजारी एक खण या दोन वर्षांसाठी मोकळा करायला मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे. तुमच्या मुलामुलींना विचारा. त्या काळातली वही, रिचार्जची पावती, जपून ठेवलेला मेसेज, वर्गात दीड तास काय दिसत होतं त्याची चार ओळींची आठवण, जे असेल ते मेळाव्याला येताना आणा. पेन्सिलने लिहिलेलं असेल तर आधी आणा. पेन्सिल पुसट होत जाते.